वेगवान रॅम की जास्त रॅम? अडकणाऱ्या एका मशीनचे प्रकरण

तक्रार एका वाक्याची आहे: "पॅनोरमा जोडायला घेतला की मशीन अडकून बसतं." मशीन तसे दुबळे नाही. रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० चिपसेटचा चार स्लॉटचा मदरबोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक म्हणजे एकूण १६ जीबी, एनव्हीएमई एसएसडी (वेगवान साठवण डिस्क), मध्यम दर्जाचे ग्राफिक्स कार्ड आणि विंडोज ११. वापरणारा छायाचित्रकार आहे. फोटोशॉपमध्ये बारा-बारा फोटो जोडतो, शेजारी ब्राउझरमध्ये तीस-चाळीस टॅब उघडे असतात आणि पानांच्या मांडणीचे सॉफ्टवेअरही मागे चालू असते.

रॅम बदलायची हे त्याने ठरवलेच आहे. समोर जवळपास सारख्या खर्चाचे दोन पर्याय आहेत. पहिला, १६ जीबीच ठेवून ३६०० सीएल१६ ची चपळ जोडी घ्यायची. दुसरा, ३२ जीबी घ्यायची, पण ३२०० सीएल१६ ची साधी जोडी. त्याचा कल पहिल्याकडे आहे, कारण "मशीन स्लो आहे, म्हणजे फास्ट रॅम हवी" हे ऐकायला सरळ वाटते.

हे मशीन नमुन्याचे आहे. अशा तक्रारींत जे भाग आणि ज्या प्रकारची मोजमापे पुन्हापुन्हा समोर येतात, त्यांवरून ते उभे केले आहे. वेगाची आणि वेळेची गणिते मात्र कुठल्याही मशीनला लागू पडतात.

पाकिटावरचे आकडे नेमके काय सांगतात

३२०० म्हणजे सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा होणारी देवाणघेवाण. घड्याळ त्याच्या निम्मे, १६०० मेगाहर्ट्झचे असते, कारण डीडीआरमध्ये घड्याळाच्या एका फेरीत दोनदा डेटा जातो. त्यामुळे सीपीयू-झेडमध्ये (मशीनची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) १६०० दिसले म्हणून घाबरायचे कारण नाही. एका खेपेत ८ बाइट जातात, म्हणून एका चॅनेलची (रॅम आणि प्रोसेसरमधल्या एका वाटेची) क्षमता सेकंदाला २५.६ जीबी आणि दोन चॅनेलची ५१.२ जीबी होते. ३६०० ला हाच आकडा ५७.६ जीबी, म्हणजे साडेबारा टक्के जास्त.

सीएल हा दुसरा आकडा. मागणी केल्यापासून पहिला डेटा हाती यायला घड्याळाच्या किती फेऱ्या लागतात, ते तो सांगतो. फेऱ्यांची तुलना करून उपयोग नाही, त्यांचा वेळ काढावा लागतो: सीएलला २००० ने गुणायचे आणि ३२०० किंवा ३६०० या आकड्याने भागायचे. उत्तर नॅनोसेकंदात येते. ३२०० सीएल१६ चे १०. ३६०० सीएल१८ चेही १०, आकडा मोठा असूनही. ३६०० सीएल१६ चे ८.९. म्हणजे पहिल्या पर्यायात ज्यासाठी पैसे मोजायचे, ती बचत आहे १.१ नॅनोसेकंदाची.

ही बचत कशातून होते तेही पाहायला हवे. प्रोसेसरच्या गाभ्यातून निघालेली मागणी, हवे ते कॅशमध्ये (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या मेमरीत) सापडले नाही म्हणून, रॅमपर्यंत जाऊन परत येते, त्या पूर्ण प्रवासाला अशा मशीनवर साधारण ७० नॅनोसेकंद लागतात. सीएल हा त्यातला एक टप्पा. ३६०० ला प्रोसेसरच्या आतली जोडवाट, इन्फिनिटी फॅब्रिक, १६०० ऐवजी १८०० मेगाहर्ट्झवर धावते आणि आणखी थोडा वेळ वाचतो. सगळे मिळून ५ नॅनोसेकंद वाचले असे उदारपणे धरू.

आता दुसरी बाजू. हवी ती गोष्ट रॅममध्ये मावली नाही आणि एसएसडीवर ठेवावी लागली, तर ४ केबीचे एक पान (मेमरीचा छोटा तुकडा) परत आणायला चांगल्या एनव्हीएमईलाही ५० ते १०० मायक्रोसेकंद लागतात. ७० धरू. हे रॅमच्या हजारपट झाले. हजार मागण्यांतली एकच एसएसडीकडे गेली, तरी सरासरी ७० वरून १४० नॅनोसेकंदांवर जाते. चपळ रॅमने वाचवलेले ५ नॅनोसेकंद गमवायला तर १४,००० मागण्यांतली एक एसएसडीकडे जाणे पुरते. सगळा निर्णय या एका भागाकारात आहे, आणि खरेदी करताना नेमका तोच कोणी करत नाही.

आधी मोजायचे

टास्क मॅनेजरमधला "मेमरी ८५ टक्के" हा आकडा पाहून कोणताही निष्कर्ष काढू नये. रॅम कमी पडू लागली तर विंडोज आतला डेटा दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवते, आणि टक्केवारीवरून रॅम नुसती भरली आहे की अपुरी पडते आहे, हे समजत नाही. पाहायच्या गोष्टी तीन, आणि त्याही प्रत्यक्ष काम चालू असताना.

पहिली, टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स विभागात मेमरीखाली दिसणारे "कमिटेड". इथे ते २२.३ भागिले २७.८ असे दिसते. पहिला आकडा चालू प्रोग्रॅमनी मागून घेतलेल्या मेमरीचा, दुसरा रॅम आणि पेज फाइल (रॅममध्ये न मावणारे विंडोज डिस्कवर ठेवते ती फाइल) मिळून असलेल्या मर्यादेचा. १६ जीबीच्या मशीनवर २२.३ ची मागणी म्हणजे सहा-एक जीबी रॅममध्ये मावत नाहीत. मागितलेली सगळी मेमरी एकाच वेळी वापरात नसते, म्हणून एवढ्यावरून निकाल देता येत नाही. पण संशय पक्का होतो.

दुसरी, रिसोर्स मॉनिटरमधला "हार्ड फॉल्ट्स" चा आलेख. प्रोग्रॅम उघडताना तो सगळ्यांचाच उसळतो, त्याकडे दुर्लक्ष करायचे. काम चालू असताना सलग काही मिनिटे शेकड्यांत राहिला, तर विंडोज पाने डिस्कवरून ओढते आहे. या मशीनवर फोटोशॉपमधून ब्राउझरवर जाताच तो चढतो आणि बराच वेळ खाली येत नाही. टॅब बदलताना जी पांढरी खिडकी दिसते, ती हीच.

तिसरी खूण फोटोशॉपची स्वतःची. खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीत "एफिशिअन्सी" निवडता येते. १०० टक्के असेल तर काम रॅममध्ये चालले आहे. त्याखाली गेले, तर फोटोशॉप आपल्या स्क्रॅच डिस्कवर (डिस्कवरच्या तात्पुरत्या साठवणीत) लिहीत-वाचत आहे. बारा फोटो जोडताना इथे ती ६० च्या आसपास घुटमळते.

दुसरी आणि तिसरी खूण वेगवेगळ्या आजारांची आहे, हे लक्षात ठेवावे. फोटोशॉप मूळ सेटिंगनुसार उपलब्ध रॅमच्या ७० टक्क्यांपर्यंतच जाते आणि पुढे स्वतःची स्क्रॅच फाइल वापरते. ती विंडोजच्या पेज फाइलपासून वेगळी. "मग ७० चे ९० करू" हा मोह इथेच होतो. तसे केले की फोटोशॉपची स्क्रॅच कमी होते, पण ब्राउझर आणि खुद्द विंडोज पेज फाइलवर ढकलले जातात, आणि अडकणे नुसती जागा बदलते. पेज फाइल बंद करणे तर त्याहून वाईट. मर्यादा गाठली की मशीन हळू न होता प्रोग्रॅमच मध्येच बंद पडतात, आणि न साठवलेले काम त्यांच्याबरोबर जाते.

फुकटात निघालेली चूक

टास्क मॅनेजरच्या मेमरीच्या पानावर "स्पीड" पाहिला तर २१३३. स्टिकवर मात्र ३२०० छापलेले. एक्सएमपी चालू केलेलेच नव्हते. रॅम बसवली की बोर्ड तिला सुरक्षित मूळ वेगाने चालवतो, आणि पाकिटावरचा वेग बायॉसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) जाऊन निवडावा लागतो. ते सेटिंग म्हणजे एक्सएमपी. एएमडीच्या काही बोर्डांवर त्याच सेटिंगला डीओसीपी म्हणतात, डीडीआर५ मध्ये एक्स्पो. कित्येक मशीन वर्षानुवर्षे अशीच चाललेली असतात, आणि मालक वेगवान रॅमच्या शोधात असतो.

एक्सएमपी चालू केल्यावर चॅनेलची एकूण क्षमता ३४.१ वरून ५१.२ जीबीवर गेली, म्हणजे दीडपट. २१३३ सीएल१५ चे १४.१ नॅनोसेकंद होतात, ते १० वर आले. सहा फोटोंचा पॅनोरमा १०० सेकंदांत व्हायचा, तो ९२ सेकंदांत झाला. बारा फोटोंचा मात्र साडेनऊ मिनिटांवरून नऊ मिनिटे दहा सेकंदांवर आला आणि तिथेच थांबला.

वेग हवा का आणि जागा हवी का, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या चार आकड्यांत आहेत.

सहा फोटोंना दीड मिनिट लागते, तर बाराला तीन-सव्वातीन मिनिटे लागायला हवीत. नऊ लागतात. काम दुप्पट झाले आणि वेळ सहापट झाला, म्हणजे मधे कुठेतरी रॅम संपली. ही चाचणी कोणालाही करता येते: काम निम्मे करा आणि वेळ मोजा. वेळही निम्मा झाला तर जागा पुरते आहे. निम्म्याहून फार खाली आला तर पुरत नाही.

वेगाची चाचणी उलट्या दिशेची. नवी चपळ रॅम किती फायदा देईल हे विकत घेऊन पाहायची गरज नाही, असलेली रॅम बायॉसमध्ये मुद्दाम हळू करून पाहता येते. इथे वेग दीडपट झाल्यावर, रॅममध्ये मावणाऱ्या कामात, ८ टक्के वेळ वाचला. ३२०० वरून ३६०० ही तर साडेबारा टक्क्यांचीच वाढ आहे. तिने एक-दोन टक्क्यांपेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नये. ९२ सेकंदांतले एक-दोन सेकंद.

किती जीबी, याचा हिशेब

२४ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. १६-बिटमध्ये काम चालते, म्हणून प्रत्येक रंगाला २ बाइट. लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता धरून ठिपक्याला ८ बाइट, एका थराचे १९२ एमबी. बारा थरांचे २.३ जीबी. इथपर्यंत १६ जीबी भरपूर वाटते.

पण जोडणी म्हणजे नुसती मांडणी नसते. प्रत्येक थर वाकवून नवी प्रत तयार होते, तिच्यावर मास्क चढतो, रंगांची सांधेजोड होते, आणि मागे जाता यावे म्हणून हिस्टरीत आधीच्या अवस्था राहतात. हिस्टरीची मूळ मर्यादा ५० पायऱ्यांची आहे. सहा-सहाच्या दोन ओळी जोडून, एकमेकांवर चढलेला भाग वजा जाता, साधारण १५० मेगापिक्सेलचे चित्र उरते, आणि त्याचा सपाट केलेला एक थरही (पारदर्शकता वगळून ठिपक्याला ६ बाइट) ९०० एमबीचा असतो. त्यावर चार-पाच प्रती करून सुधारणा केल्या, तर आणखी चार जीबी गेले. या कामात फोटोशॉपला १६ ते १८ जीबी लागतात असे धरले. ब्राउझरचे ५, मांडणीच्या सॉफ्टवेअरचे अडीच, विंडोज आणि बाकीचे साडेतीन. बेरीज २७ ते २९ जीबी.

३२ मध्ये हे बसते, पण ऐसपैस नाही. २४ मध्ये बसत नाही. आहे त्यात ८ जीबीची एकच स्टिक वाढवून २४ करण्याचा विचार त्यामुळे बाद झाला, आणि तीन स्टिक लावल्यावर वरची ८ जीबी एकाच चॅनेलवर चालतात, हे वेगळेच.

कोणती ३२ जीबी

आहेत त्या दोन ८ जीबींना आणखी दोन ८ जीबी जोडणे सर्वांत स्वस्त. चार स्लॉट आहेतच. तरी आम्ही ते टाळतो, आणि कारणे ठोस आहेत. या प्रोसेसरसाठी एएमडीने जाहीर केलेला वेग दोन स्टिकला ३२०० आहे, चार एकेरी रँकच्या (रँक म्हणजे स्टिकवरच्या एकत्र चालणाऱ्या चिपचा संच) स्टिकला २९३३ आणि चार दुहेरी रँकच्या स्टिकला २६६७. चार स्टिकवर ३२०० बऱ्याचदा चालतेही, पण ते नशिबावर. शिवाय एक्सएमपीची हमी एका पाकिटातल्या जोडीपुरती असते. तोच मॉडेल क्रमांक पुन्हा मागवला तरी आतल्या चिप वेगळ्या निघू शकतात.

मग १६ च्या दोन, एकाच पाकिटातल्या. दोन स्लॉट रिकामे राहतात. पुढे चोवीस फोटोंची कामे येऊ लागली आणि ६४ जीबी लागली, तर तेव्हा वाट बंद झालेली नसेल. ३२ जीबीतच ३६०० सीएल१८ जवळपास त्याच खर्चात मिळत असेल तर घ्यायला हरकत नाही: वेळ तोच, १० नॅनोसेकंद, वहनक्षमता थोडी जास्त, आणि १८०० मेगाहर्ट्झचे फॅब्रिक हा प्रोसेसर सहसा पेलतो. ३८०० च्या वर जाणे मात्र टाळावे. फॅब्रिक मेमरीच्या घड्याळाशी बरोबरी करू शकले नाही की बोर्ड मेमरी कंट्रोलर निम्म्या गतीवर टाकतो, आणि आकडा वाढूनही प्रत्यक्ष वेळ वाढतो.

या प्रकरणात निवड झाली ती ३२ जीबी, १६ च्या दोन, ३२०० सीएल१६.

बसवताना

मशीन बंद, पॉवर सप्लायचे मागचे बटण बंद, मग पुढचे बटण दोन-तीन सेकंद दाबून उरलेली वीज काढून टाकायची. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरची स्थिर वीज उतरवायची. दोन स्टिक लावायच्या त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. बोर्डावर त्यांची नावे बहुधा ए२ आणि बी२ असतात. पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या स्लॉटमध्ये लावल्या तर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि निम्मी वहनक्षमता गुपचूप गायब होते.

स्टिकची खाच स्लॉटमधल्या उंचवट्यावर जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्यायचा. हाताला पुरेसा वाटतो त्यापेक्षा तो जास्त द्यावा लागतो. बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो, आणि दुसऱ्या टोकाला स्टिक अर्धा मिलिमीटर वर राहिली तर डोळ्याला कळत नाही. इथे तेच झाले. पंखे फिरले, पडदा काळा, बोर्डावरचा मेमरीचा लाल दिवा पेटून राहिला. स्टिक काढून पुन्हा नीट दाबल्यावर मशीन सुरू झाले. पहिल्या वेळी पडदा मिनिटभर काळा राहणे, मशीन स्वतःहून एक-दोनदा बंद-चालू होणे हे मात्र बिघाडाचे लक्षण नाही. बोर्ड नव्या रॅमची वेळापत्रके आजमावत असतो. त्या वेळी घाईने बटण दाबू नये. डीडीआर५ ला तर काही मिनिटेही लागतात.

नवी रॅम दिसली की बोर्ड पुन्हा मूळ वेगावर जाऊ शकतो, म्हणून एक्सएमपी परत चालू करायचे. त्यानंतर रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ या प्रोग्रॅमच्या चार पूर्ण फेऱ्या. ३२ जीबीला त्या रात्रभर चालू शकतात, तरी त्या टाळू नयेत, कारण खराब रॅम नेहमी निळा पडदा दाखवून सांगत नाही. झिप फाइल उघडताना चूक येते, एखाद्या फोटोत रंगीत आडवी पट्टी उमटते, आणि महिन्याभराने कळते की मूळ फाइलच तशी साठवली गेली आहे. एक चूक निघाली तरी चाचणी नापास समजायची. मग व्होल्टेज १.३५ आहे का पाहायचे, वेग २९३३ करून पुन्हा चाचणी घ्यायची, आणि तरीही चुका आल्या तर एकेक स्टिक ए२ मध्ये लावून दोषी कोणती ते शोधून जोडी बदलून घ्यायची. या मशीनवर चारही फेऱ्या स्वच्छ गेल्या.

अजून एक छोटी गोष्ट: हायबरनेट चालू असेल तर विंडोज त्यासाठी एसएसडीवर रॅमच्या साधारण ४० टक्के जागा राखते. १६ ची ३२ झाली की सहा-साडेसहा जीबी आणखी जातात. एसएसडी आधीच गच्च असेल तर हे आधी पाहावे.

नंतरचे आकडे

बारा फोटोंचा तोच पॅनोरमा, तेच टॅब उघडे. नऊ मिनिटे दहा सेकंदांचे काम तीन मिनिटे वीस सेकंदांत. एफिशिअन्सी १०० वर स्थिर. हार्ड फॉल्ट्सचा आलेख सुरुवातीला उसळून खाली बसला. सहा फोटोंचे काम मात्र ९२ वरून ९१ सेकंदांवर आले, म्हणजे काहीच बदलले नाही. ते आधीही मावत होते. मावणाऱ्या कामाला जास्त रॅम काही देत नाही, आणि उद्या याच मशीनमध्ये ६४ घातली तर बारा फोटोंनाही ती काही देणार नाही.

हाच निकाल कुठे उलटतो

ग्राफिक्स कार्ड नसलेले, प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालणारे मशीन असेल, उदाहरणार्थ रायझन ५ ५६००जी, तर चित्र काढायलाही हीच रॅम वापरली जाते आणि वहनक्षमतेचा फरक खेळांत स्पष्ट दिसतो. तिथे १६ जीबी पुरत असेल तर वेगवान जोडी घ्यावी. एकच स्टिक लावलेल्या मशीनला दुसरी तशीच स्टिक लावणे हा तर दोन्हीकडून फायदा आहे. याउलट ५८००एक्स३डी सारख्या ९६ एमबी कॅशच्या प्रोसेसरला रॅमच्या वेगाचे फारसे पडलेले नसते, कारण त्याच्या बऱ्याच मागण्या कॅशमध्येच भागतात. ५६०० ची कॅश ३२ एमबीची.

भाषेचे मोठे मॉडेल प्रोसेसरवर चालवणाऱ्यांना दोन्ही गोष्टी लागतात, पण क्रमाने. ८ जीबीचे मॉडेल प्रत्येक टोकनला (उत्तरातल्या शब्दाला किंवा त्याच्या तुकड्याला) जवळपास पूर्ण वाचावे लागते, म्हणून ५१.२ जीबीच्या रॅमवर सेकंदाला सहा टोकनच्या वर जाता येत नाही, प्रोसेसर कितीही चांगला असो. पण ते आधी रॅममध्ये बसले पाहिजे.

डीडीआर५ वर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. रायझन ७००० मालिकेसाठी जाहीर केलेला वेग दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला ३६०० आहे. आज १६ च्या दोन घेऊन उद्या आणखी दोन जोडू, हा बेत तिथे महागात पडतो. त्या मशीनसाठी पुढच्या तीन-चार वर्षांत लागेल तेवढी रॅम पहिल्याच दिवशी दोन स्टिकमध्ये घ्यावी, वेग ५६०० आणि ६००० यांतला कुठलाही असला तरी.